केस हार्डनिंग केलेल्या पिनियनचे टवके: प्रमाणपत्र बरोबर असूनही दाते का गेले?

हंगाम सुरू होऊन जेमतेम अडीच महिने झाले असताना साखर कारखान्यातील केन कॅरियरच्या (ऊस वाहून नेणाऱ्या यंत्राच्या) गिअरबॉक्समधल्या पिनियनच्या (जोडीतल्या लहान दातेरी चाकाच्या) दातांवर खड्डे पडले आणि काही दातांवरून नखाएवढे टवके निघाले, असा हा प्रश्न आहे. पिनियन ६ मोड्यूलचा (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे माप), २० दातांचा, समोरचे चाक ६० दातांचे. पोलाद २० एमएनसीआर ५. केस हार्डनिंग, म्हणजे कार्बुरायझिंग (भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवणे) व हार्डनिंग (तापवून झटकन थंड करणे), झाल्यावर दातांचे ग्राइंडिंग (घासून आकार नेमका करणे) केलेले. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात कठीणपणा ६० एचआरसी (रॉकवेल यंत्राचा आकडा) आणि कठीण थराची खोली १.१ मि.मी. नोंदलेली आहे व दोन्ही आकडे ड्रॉइंगला धरून आहेत. कारखान्याचे म्हणणे, हीट ट्रीटमेंट बिघडली. पुरवठादाराचे म्हणणे, तेल बिघडले. खरे कारण कसे ठरवावे, असे आपण विचारले आहे.

प्रमाणपत्र खोटे आहे असे मानण्याचे कारण नाही, परंतु ते कशाविषयी बोलते हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक वेळा थराची खोली पिनियनवर मोजलेली नसते. भट्टीत पिनियनबरोबर त्याच पोलादाचा एक लहान तुकडा ठेवलेला असतो, तो कापून मोजतात. त्या तुकड्याचे ग्राइंडिंग होत नाही, तो वाकत नाही, त्याच्यावर भार येत नाही आणि त्याला तेलही लागत नाही. म्हणजे भट्टीतून बाहेर पडेपर्यंतची हकीकत त्या कागदावर आहे आणि त्यानंतर दातावर जे जे घडले ते सगळे त्या कागदाबाहेर आहे. ते वाचण्यासाठी दाताकडेच जावे लागते आणि दाताकडे जाण्याआधी त्याच्यावरचा पुरावा सांभाळावा लागतो.

गिअरबॉक्स उघडल्यावर लगेच डिझेलने धुऊन कापडाने पुसण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे आणि तपासाची सर्वाधिक हानी तिथेच होते. तेलाचा एक नमुना मधल्या पातळीवरून व दुसरा तळातून, असे दोन नमुने स्वच्छ बाटल्यांत वेगळे काढावेत. चुंबकी प्लगला चिकटलेला चुरा कागदात गुंडाळून ठेवावा. प्रत्येक दाताला क्रमांक द्यावा, चाकाच्या दातांनाही द्यावा आणि बाजूने तिरका प्रकाश टाकून सर्व दातांचे फोटो घ्यावेत. तळात सापडलेले टवके हे सर्वांत मोलाचे साक्षीदार होत. ते दातावर परत बसवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण दोन भंगपृष्ठे एकमेकांवर घासली की त्यांवरच्या बारीक खुणा कायमच्या जातात. तारेचा ब्रश व पॉलिश पेपर तर जवळही आणू नये. भंगपृष्ठावर गंज चढू नये म्हणून पातळ तेलाचा हात द्यावा. ते तेल पुढे द्रावकाने आणि मऊ ब्रशने काढता येते.

यानंतर कोणतेही यंत्र न वापरता, केवळ डोळ्यांनी आणि दहापट भिंगाने, नुकसान कुठे आहे याचा नकाशा काढावा. अनुभवाने सांगतो की निम्मे उत्तर या नकाशात असते. सर्व दातांवर खड्डे एकाच टोकाला असतील तर शाफ्ट वाकणे, बेअरिंगची बैठक सरकणे किंवा हाउसिंगची भोके समांतर नसणे यांचा विचार प्रथम करावा, कारण भट्टीला दाताचे डावे-उजवे टोक कळत नाही. लागून असलेल्या तीन-चार दातांवरच नुकसान असेल आणि पिनियनच्याच विरुद्ध बाजूचे दाते स्वच्छ असतील तर पिनियन केंद्रापासून सरकून फिरत होता किंवा त्याच दातांवर ग्राइंडिंग जास्त झाले, अशी शंका घ्यावी. सर्व दातांवर पूर्ण रुंदीभर सारखे नुकसान असेल, तर मात्र भार, तेल, पोलाद आणि हीट ट्रीटमेंट हे चारही खुले राहतात.

दाताच्या उंचीवरची जागाही बोलकी असते. साधे पिटिंग (पृष्ठभागावर खड्डे पडणे) बहुधा पिच रेषेच्या (दाताच्या साधारण मध्यावरची, जिथे दाते न घसरता लोळतात ती रेषा) किंचित खाली, दाताच्या मुळाकडच्या भागात सुरू होते. तिथे लोळण्याची दिशा आणि घसरण्याची दिशा परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे पृष्ठभागावरची बारीक भेग तोंड उघडते व तिच्यात तेल शिरते. पुढचा संपर्क आला की तोंड मिटते आणि आत कोंडलेले तेल भेगेला पाचरीसारखे पुढे रेटते. स्टुअर्ट वे यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पिटिंगमधला तेलाचा हा वाटा प्रथम स्पष्टपणे पुढे आला आणि आजही त्याच धर्तीवर विचार केला जातो. आपल्या पिनियनवर खड्डे या पट्ट्यात असतील तर ते अपेक्षित जागी आहेत, एवढेच म्हणता येईल. ते इतक्या लवकर का आले हा प्रश्न उरतोच. खड्डे दाताच्या माथ्याकडे असतील, किंवा टवका निघालेल्या जागी पाऊण-एक मिलिमीटर खोलीचा, उभ्या भिंतींचा खळगा असेल, तर प्रकरण साध्या पिटिंगचे नाही.

आता टवक्याचा तळ पाहू. येथे विचारायचा प्रश्न एकच आहे: भेग कोणत्या खोलीवर जन्मली? पृष्ठभागावर जन्मलेली भेग उथळ कोनात आत उतरते आणि पंख्याच्या आकाराचा खळगा तयार करते. पंख्याचे टोक म्हणजे उगम. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वक्र रेषा त्या टोकाभोवती दिसतात. भेग पृष्ठभागाखाली थोड्या अंतरावर जन्मलेली असेल तर त्या रेषा खळग्याच्या तळातल्या एखाद्या बिंदूभोवती असतात आणि त्या बिंदूवर पुष्कळदा ऑक्साइडचा कण सापडतो. कठीण थर आणि गाभा यांच्या सीमेवर जन्मलेली भेग बराच काळ दाताच्या लांबीला समांतर, आतल्या आत चालते आणि नंतर भिंतीच्या गिलाव्याचा पोपडा निघावा तसा थराचा मोठा तुकडा एकदम निघतो.

ही खोली कोणती, याचा अंदाज आकड्यांनी घेता येतो. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये दोन वक्र पृष्ठांच्या संपर्काचे गणित मांडले. त्यानुसार दोन समांतर दंडगोल दाबले असता कर्तन ताण (धातूचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) पृष्ठभागावर नव्हे, तर संपर्कपट्ट्याच्या अर्ध्या रुंदीच्या ०.७८ पट खोलीवर सर्वाधिक असतो. आपल्या जोडीत दाब कोन (दाते एकमेकांना ढकलतात त्या दिशेचा कोन) २० अंश धरला तर पिच रेषेवर पिनियनच्या दाताची वक्रता त्रिज्या सुमारे २०.५ मि.मी. व चाकाची सुमारे ६१.५ मि.मी. येते आणि दोन्ही मिळून समतुल्य त्रिज्या १५.४ मि.मी. होते. संपर्कदाब १३०० मेगापास्कल धरल्यास पट्ट्याची अर्धी रुंदी सुमारे ०.३५ मि.मी. आणि सर्वाधिक कर्तन ताणाची खोली सुमारे ०.२८ मि.मी. निघते. थर खरोखर १.१ मि.मी. असेल तर हा ताण पूर्णपणे कठीण भागात पडतो आणि सीमेपर्यंत पोहोचेस्तोवर बराच उतरतो. ताण उतरत जातो तशी पोलादाची ताकदही गाभ्याकडे उतरत जाते. ताकदीची रेषा ताणाच्या रेषेच्या खाली गेली की भेग तिथे जन्मते. केन कॅरियरवर मोळ्यांचा ढीग एकदम अडकून भार दुप्पट झाला तर दाब वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि ताणाची ही रेषा तेवढीच खोल सरकते. म्हणून टवके सीमेच्या खोलीवर सुटलेले आढळले तर दोन गोष्टी एकत्र तपासाव्यात: थर प्रत्यक्ष किती उरला होता आणि भार प्रत्यक्ष किती होता.

थर 'उरला' असा शब्द मी मुद्दाम वापरतो. कठीण करताना पिनियन थोडा वाकतो, फुगतो, त्याचे दाते किंचित पिळवटतात. ग्राइंडिंगचा कारागीर दाताचा आकार बरोबर आणतो, तेव्हा ज्या बाजूला फुगवटा होता तिथून जास्त धातू निघतो. दर बाजूस ०.१५ मि.मी. काढायचे ठरवलेले असताना एका बाजूने ०.३५ मि.मी. निघाले, तर १.१ मि.मी. चा थर तिथे ०.७५ मि.मी. उरतो. मोड्यूलच्या ०.१५ ते ०.२ पट थर असावा या नेहमीच्या अंदाजाने ६ मोड्यूलला ०.९ ते १.२ मि.मी. लागतो. प्रमाणपत्र बरोबर आणि दात तरीही अपुरा, असे घडण्याची ही अगदी साधी वाट आहे.

दुसरी वाट ग्राइंडिंगच्या उष्णतेची. ग्राइंडिंगचे चाक बोथट झाले, त्याचे ड्रेसिंग (पुन्हा धार आणणे) वेळेवर झाले नाही, कूलंटचा झोत नेमका संपर्कावर पडला नाही किंवा एका फेरीत जास्त धातू काढला, की दाताचा पातळ थर क्षणभर तापतो. पिनियनचे टेम्परिंग (कठीण केल्यावर ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा हलके तापवणे) साधारण १५० ते १८० अंश सेल्सियसला झालेले असते. त्याहून बरेच वर तापलेला पट्टा मऊ पडतो आणि थंड होताना त्याच्यात ओढीचा ताण शिल्लक राहतो, म्हणजे कार्बुरायझिंगने जो उपयुक्त दाबाचा ताण दिला होता तोच नाहीसा होतो. फार तापले तर पृष्ठभाग पुन्हा कठीण होऊन ठिसूळ पांढरी कातडी बनते, तिच्याखाली मऊ पट्टा येतो आणि पुष्कळदा ग्राइंडिंगच्या दिशेला आडव्या बारीक भेगा पडतात.

हे सर्व रॉकवेल यंत्राला का दिसत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ६० एचआरसी म्हणजे हिऱ्याचे टोक ०.०८ मि.मी. आत गेले, आणि त्या ठशाला आधार देणारा धातू त्याच्या कितीतरी खोलवर पसरलेला असतो. मऊ पडलेला थर ०.०३ किंवा ०.०५ मि.मी. चा असेल तर टोक त्याला भेदून खालच्या चांगल्या धातूवर जाऊन टेकते आणि यंत्र प्रामाणिकपणे ५९ किंवा ६० दाखवते.

मला हा धडा महागात मिळाला. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्यासाठी मी अशाच एका पिनियनचा अहवाल दिला होता. थरात अवशिष्ट ऑस्टेनाइट (कठीण न होता शिल्लक राहिलेले पोलादाचे मऊ रूप) थोडे जास्त दिसले म्हणून हीट ट्रीटमेंटवर ठपका ठेवला. त्या भट्टीवाल्याने पुढचे दोन लॉट अत्यंत काळजीपूर्वक करून दिले आणि तरीही दाते गेले. तेव्हा त्याच लॉटमधील न वापरलेले पिनियन मागवून नायटलने (अल्कोहोलमधील सौम्य नायट्रिक आम्लाने) एचिंग केले, म्हणजे पृष्ठभाग आम्लाने हलका खाल्ला, तर दातांच्या एकाच बाजूवर काळपट पट्टे सरळ उमटले. पट्टे ग्राइंडिंगचे होते. एका माणसाच्या कामावर मी चुकीचा डाग लावला होता. तो अहवाल मी लेखी मागे घेतला, आणि तेव्हापासून नायटलचे एचिंग झाल्याशिवाय मी दात कापत नाही.

हे एचिंग कठीण नाही. दात पूर्णपणे तेलमुक्त करून अल्कोहोलमधील तीन ते पाच टक्के नायट्रिक आम्लात थोडा वेळ बुडवतात, धुतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात उजळवून पुन्हा धुतात. सारखा फिकट राखाडी रंग म्हणजे दात चांगला. काळपट ठिपके वा पट्टे म्हणजे जादा टेम्पर झालेला भाग. काळ्या किनारीच्या आत पांढरा डाग म्हणजे पुन्हा कठीण झालेला भाग. आयएसओ १४१०४ या आंतरराष्ट्रीय मानकात पद्धत व प्रतवारी दोन्ही दिलेल्या आहेत. नायट्रिक आम्ल व अल्कोहोल यांचे मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवू नये आणि आम्लाचे प्रमाण वाढवू नये, कारण त्यात स्फोटाचा धोका खरा आहे.

मात्र आपल्या पिनियनची भार घेणारी बाजू एव्हाना खराब झालेली आहे. जळलेली कातडी असलीच तर ती खड्ड्यांबरोबर निघून गेलेली असू शकते. येथे केन कॅरियरची एक गोष्ट आपल्या उपयोगी पडते: ते एकाच दिशेने चालते. त्यामुळे प्रत्येक दाताची मागची बाजू जवळजवळ कोरीच राहिलेली आहे. मी तपासाचा सगळा आराखडा यावरच उभा करतो. एका दाताचा आडवा छेद घेतला की तीन जागा एकाच नमुन्यात मिळतात: भार घेतलेली बाजू, भार न घेतलेली बाजू आणि दोन दातांमधला, ग्राइंडिंग न झालेला तळ. हीट ट्रीटमेंटचा दोष असेल तर तो कमी-अधिक प्रमाणात तिन्ही जागी सापडला पाहिजे. ग्राइंडिंगचा दोष बाजूंवर सापडेल, तळात सापडणार नाही. तेल, भार आणि चालण्यातून आलेला बदल मात्र भार घेतलेल्या बाजूपुरताच राहील.

छेद घेताना भरपूर कूलंटखाली, सावकाश, पातळ अपघर्षक चाकाने कापावे; कापताना जळालेला नमुना पाहून दुसऱ्याला जळका ठरवणे यासारखा अन्याय नाही. माउंटिंग (नमुना रेझिनमध्ये बसवणे) शक्यतो थंड रेझिनमध्ये करावे, म्हणजे नमुन्याला जास्तीची उष्णता लागत नाही. मग पृष्ठभागाकडून गाभ्याकडे विकर्स कठीणपणा (एचव्ही, लहान ठशाने मोजलेला) मोजत जावे. ५५० एचव्ही जिथे मिळतो ती प्रभावी खोली. तिची व्याख्या आणि मोजणी आयएसओ १८२०३ मध्ये आहे. पहिले दोन-तीन ठसे कमी भाराने, कडेपासून ०.०३ ते ०.०५ मि.मी. वर तिरकस ओळीत घ्यावेत. नेहमीच्या पद्धतीत पहिला ठसा ०.१ मि.मी. वर असतो आणि त्याच्या अलीकडे जे घडले ते निसटून जाते. निरोगी दातात कठीणपणा कडेपाशी ७०० एचव्हीच्या आसपास असतो, काही अंतर जवळजवळ सपाट राहतो आणि मग हळूहळू गाभ्यापर्यंत उतरतो. कडेशी ५८० आणि ०.१५ मि.मी. वर ७००, असा उलटा चढ आढळला तर कारण शोधावे. तो चढ फक्त ग्राइंडिंग झालेल्या बाजूंवर असेल तर ग्राइंडिंग. तळातही असेल तर कार्बन उडाला आहे किंवा ऑस्टेनाइट जास्त उरले आहे.

तळात थराची खोली बाजूपेक्षा मुळातच कमी असते, ही गोष्ट तुलना करताना विसरू नये. तसेच भाराखाली ऑस्टेनाइटचे काही प्रमाणात मार्टेन्साइट (पोलादाचे कठीण रूप) होते. म्हणून भार घेतलेल्या बाजूवर ते कमी दिसले तरी भट्टीतून बाहेर पडताना किती होते, हे न वापरलेल्या बाजूवरच ठरवावे.

सूक्ष्मदर्शकाखाली नमुना प्रथम एचिंग न करता पाहावा, हे पुष्कळ प्रयोगशाळा विसरतात. ऑक्साइडचे कण आणि कणसीमांवरचे (धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांवरचे) ऑक्सिडीकरण एचिंग न केलेल्या पृष्ठावरच स्वच्छ दिसते. वायू कार्बुरायझिंगमध्ये क्रोमियम, मँगनीज आणि सिलिकॉन कणसीमांवर ऑक्सिडाइज होतात आणि कडेपाशी दहा-पंधरा मायक्रोमीटरचे काळे जाळे तयार होते. बाजूंवरचे जाळे ग्राइंडिंगमध्ये निघून जाते, तळातले राहते. म्हणून ते दात मुळाशी मोडण्याच्या तपासात महत्त्वाचे ठरते. आपल्या टवक्यांचे कारण म्हणून त्याचे नाव अहवालात आले तर ते मान्य करू नये. एचिंगनंतर सुईसारखे बारीक मार्टेन्साइट, त्यात माफक ऑस्टेनाइट आणि विखुरलेले अगदी बारीक कार्बाइड (कार्बनची कठीण संयुगे), असे चित्र हवे. कणसीमांवर कार्बाइडची सलग पांढरी साखळी दिसली तर पृष्ठभागाचा कार्बन ०.७५ ते ०.८५ टक्क्यांच्या इष्ट मर्यादेपलीकडे गेला होता. अशी साल ठिसूळ असते आणि ग्राइंडिंगमध्ये सहज तडकते, त्यामुळे दोष भट्टी आणि ग्राइंडिंग या दोघांमध्ये वाटला जाऊ शकतो. ते अहवालात तसेच लिहावे. रासायनिक पृथक्करण करून घ्यावे, पण त्यातून क्वचितच काही निघते.

तेलाविषयी पुरवठादार म्हणतो त्यातही तथ्य असू शकते. मिलच्या परिसरात धुण्याचे पाणी, आम्लधर्मी रस व बगॅसची (उसाच्या चोथ्याची) धूळ यांचा शिरकाव ब्रीदर (हवा ये-जा करण्याची वाट) आणि ऑइल सीलमधून होतच असतो. तळातून काढलेल्या तेलाच्या नमुन्यात पाणी सापडले, दातांवर गंजाचे बारीक खळगे दिसले आणि भेगा त्या खळग्यांतूनच निघालेल्या असतील, तर साखळी पूर्ण झाली. पृष्ठभागावर धुरकट राखाडी पट्टे असतील तर ते मायक्रोपिटिंग होय; तेथील खड्डे सुमारे दहा मायक्रोमीटर खोलीचे असतात आणि तेलाचा पापुद्रा खडबडीतपणाच्या मानाने पातळ होता एवढे ते सांगतात. अशा वेळी तेलाची श्रेणी जेवढी तपासावी तेवढाच मागच्या कोऱ्या बाजूवरचा खडबडीतपणाही मोजावा, कारण खडबडीत दाताला चांगले तेलही पुरत नाही. तेलात पाणी सापडले एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. हंगामात चालणाऱ्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये ते थोडेफार सापडतेच.

आपल्या माहितीवरून, दात न पाहता, मी शंकेचा क्रम असा लावीन: आधी ग्राइंडिंगचा भाजलेपणा, मग एका बाजूने जास्त निघालेला थर, त्यानंतर अडकणाऱ्या मोळ्यांचा झटका, आणि भट्टी शेवटी. छेदाने हा क्रम बदलू शकतो आणि बदलला तर बदलू द्यावा. मोटरच्या करंटची नोंद असेल तर ती आजच काढून ठेवा, कारण ती जुनी झाली की पुसली जाते. त्याच लॉटचा सुटा पिनियन गोदामात असेल तर तो बसवू नका, आधी एचिंग करा. खराब पिनियनचे सर्व दाते कापून टाकू नका: एक टवका निघालेला, एक नुकतेच खड्डे पडू लागलेला आणि एक चांगला, असे तीन दाते तेल लावून, दोन्ही पक्षांच्या सह्यांच्या चिठ्ठ्यांसह बंद ठेवा. पुरवठादाराला आपल्या प्रयोगशाळेचा निकाल मान्य नसेल तर त्याला स्वतः कापून पाहण्यासाठी ते लागतील.